वजा साडेतीन

मनामाच्या जुन्या बाजारात, सोनारांच्या गल्लीला लागून
आमचं चष्म्याचं दुकान. मी आत, घासणयंत्रापाशी.
बाहेर सत्तेचाळीस अंश, आत पाण्याची बारीक धार
आणि नखांत काचेचा पांढरा गाळ.

यासीन हमदुले, मूळचा बाणकोटचा, इथे थोब शिवतो.
गाडीच्या परवान्याच्या तपासणीत नापास होऊन आला.
म्हणाला, वरचं मोठं अक्षर सोडलं
तर खाली नुसत्या मुंग्या.

मोजलं. दोन्ही डोळे वजा साडेतीन.
वजा म्हणजे?
शाळेत शिकलेला शब्द माझ्या तोंडून गेला: ऋण.
"कुणाचं?" तो दचकला. "एजंटचं तर गेल्या ईदला फेडलं."

काच त्याच्या हातात दिली.
चाचपून बघ. मधे पातळ, कडेला जाड,
दर्ग्याची पायरी मधोमध झिजते तशी.
तुझा डोळा जरासा लांबट. दुरून आलेला प्रकाश
पडद्यापर्यंत पोचायच्या आधीच घाईनं गोळा होतो
आणि पडद्यावर पडतो तो विस्कटून.
ही त्याला दारातच सांगते, आधी पसर,
मग आत ये.

"कुर्त्याला कळी घालतात तसं," तो म्हणाला,
"वर अरुंद, खाली घेर."
पुस्तकात हेच लिहायला हवं होतं.

उंबऱ्याबाहेर उन्हात धरून दाखवली.
फुगीर काच असती तर एव्हाना कागद धुमसला असता.
हिच्याखाली फिकट सावलीची एक चकती,
आणि हाकललेलं सगळं ऊन
तिच्या काठावर, जरीच्या किनारीसारखं.

डोळ्यांसमोर धरून उजवीकडे सरकवली
की पलीकडचा दिव्याचा खांबही उजवीकडे येतो, सोबत.
प्लसच्या काचेत तो उलटा पळतो.
नंबर न लिहिलेल्या काचा आम्ही अशाच ओळखतो.

माझ्या खोलीच्या दारात असंच एक भिंग आहे, वाटाण्याएवढं.
रात्री बेल वाजली की अख्खा जिना त्यात मावतो:
चार दारं, चपलांचा ढीग, गॅसवाला, त्याच्या खांद्यावरचं सिलिंडर,
सगळं सुलटं, सगळं लहान,
आणि भिंतीवर उमटवायला जावं तर काहीच नाही.
त्या प्रतिमेला आभासी म्हणतात.
तिच्या भरवशावर मी पंधरा वर्षं कडी काढते आहे.

यासीनला पुढचं गणित सांगितलं नाही.
त्याचाच हात धरून मोजून दाखवलं,
डोळ्यापासून एक वीत आणि तीन बोटं.
इथवर तुझं स्पष्ट. पुढचा सगळा अंदाज.

तो गप्प बसला.
त्या वीतभरात त्याची सुई होती,
काजं, गळपट्ट्या, फोन, फोनमधली मुलगी.
अकरा वर्षं तिथं काही कमी पडलं नव्हतं.
पलीकडचं पुसट होतं ते त्यानं
आखाताची धूळ म्हणून सोडून दिलं होतं.

शनिवारी चष्मा न्यायला आला. लावून आधी हात बघितले.
"लहान झाले, बाई."
होणारच. ही काच स्पष्ट देते, पण थोडं आखडून देते.
तुझे डोळेही बायकोला बारीक दिसतील,
आजच सांगून ठेव, नाहीतर आजारी समजेल.

मग तो पायरीवर गेला, तो परत आलाच नाही.
पैसे द्यायचे राहिले होते. बाहेर डोकावले.
मगरिबची गर्दी. पांढरे थोब येत होते, जात होते,
आणि हा खांबाला टेकून
पाठमोऱ्या माणसांकडे बघत पुटपुटत होता:

हा माझा.
हा नाही.
हा माझा. डावा खांदा दोन सूत उतरलाय.
कोणी बोललं नाही मला.